गळ्यातली टिकटिक

२८ डिसेंबर, बुधवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण उद्या या कामाचा इतिहास लिहायची वेळ आली तर आठवणीवर विसंबून चालणार नाही.

काम असं. आमच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांच्या दहा खाटांच्या वॉर्डात जुलाबाचा जंतू शिरलाय. सी-डिफ म्हणतात. नोव्हेंबरात शहराहून परतलेल्या एका पेशंटबरोबर आला आणि मुक्कामालाच राहिला. आज हेड ऑफिसच्या टिलीबाई फोनवर होत्या. आवाज अगदी शांत. मार्चअखेर लागण थांबली नाही तर वॉर्ड बंद, माणसं शहरात. शहर म्हणजे गाडीनं सात तास, तेही रस्ता उघडा असला तर. न्यूफाउंडलंडच्या या टोकाला हिवाळ्यात रस्ता उघडा असणं ही बातमी असते.

थांबवायची जबाबदारी कुणावर? माझ्यावर. लिअँडर पार्डी, नर्स प्रॅक्टिशनर. याच वॉर्डात मी एके काळी बेडपॅन धुतलेत. आता पेशंट तपासतो, औषधं लिहून देतो, आणि आजपासून सुधारणा प्रकल्पाचा प्रमुख. डॉक्टर नसलेला माणूस प्रमुख व्हायची या दवाखान्यातली ही पहिलीच वेळ. डॉ. नॉफ्टॉल म्हणाले, बरं झालं, मला नाही सांगितलं. मोठ्या मनाचा माणूस.

सहा नंबरच्या खाटेवर आई आहे. ट्रायफिना पार्डी, वय शहाऐंशी, खुबा मोडलेला. खिडकीतून तिला धक्का दिसतो, आमच्या घराचं छप्पर दिसतं, आणि गावात कुणाच्या धुराड्यातून सकाळी किती उशिरा धूर निघाला यावर ती तिथून लक्ष ठेवते. शहरात पाठवली तर उन्हाळा बघायची नाही. हे कळायला मला तिला तपासावं लागत नाही.

तिला म्हटलं, काळजी करू नकोस, काम माझ्याकडं आलंय. ती म्हणाली, तीच तर काळजी.

संकल्प: रोज लिहिणे. चिडणे बंद. केक बंद.

३० डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवसांतच मूळ सापडलं. हा जंतू हातावरून पसरतो. म्हणजे वॉर्डात कुणीतरी हात धुवत नाही. तो माणूस सापडला की काम संपलं.

आज सगळ्यांना जमवून सांगितलं की भिंतीवरच्या हात चोळायच्या जेलनं हा मरत नाही, साबण आणि पाणीच लागतं. बराच वेळ बोललो. शेवटी ब्राइड किलीनं हात वर केला. ही वॉर्डची मुख्य नर्स. म्हणाली, लिअँडर, हे तुला मीच शिकवलं होतं. बाईची स्मरणशक्ती चांगली आहे. प्रकल्पाला उपयोगी पडेल.

पद्धत: गुप्त पाहणी. कोण धुतो, कोण नाही, हे कुणाला कळू न देता मोजायचं. व्हर्नानं चर्चच्या हॉलमधून मोजायचं यंत्र, क्लिकर, आणून दिलं. सूपच्या जेवणाला किती डोकी आली ते मोजतात ते. अंगठ्यानं दाबलं की टिक, आकडा एकानं पुढं. ग्रेव्हीनं जरा चिकट झालंय. निळ्या फितीला बांधून गळ्यात घातलं. एकदम अधिकारी दिसतो.

व्हर्ना म्हणाली, आणि तुझे हात कोण मोजणार? बायको असली तरी मुद्दा समजावून सांगावा लागतो. मी पेशंटला हात लावणार नाही. मी फक्त बघणार.

२ जानेवारी, सोमवार

पाहणी सुरू. कॉरिडॉरमधल्या नाताळच्या झाडामागं उभा राहिलो. सकाळभर. निकाल थक्क करणारा: शंभर टक्के. एकूण एक माणसानं हात धुतले. डॉ. नॉफ्टॉल तर दोनदा धुवून, दोन्ही पंजे उलटसुलट करून झाडाला दाखवून गेले. नेतृत्व बदललं की वातावरण कसं बदलतं. अजून कुणाला काही माहीत नसताना ही स्थिती.

दोन नंबरच्या खाटेवर एम्ब्रोजकाका आहेत. सगळं आयुष्य मासेमारीत गेलं, आता गुडघे आणि अकॉर्डियन एवढंच उरलंय, त्यातलं अकॉर्डियन अजून चालतं. ते खाटेवरून ओरडले की लिअँडर, तुझ्या डोक्याला चमकी लागलीय. योगायोग.

निघताना सगळ्या खाटांवरून एक चक्कर मारली. कुणाची चादर सारखी केली, कुणाची उशी उचलून दिली, आईचा चहाचा कप जवळ सरकवला. एवढी माणुसकी प्रमुखानंही ठेवावी.

केक: एक तुकडा. नववर्षाचा, त्यामुळं धरायचा नाही.

५ जानेवारी, गुरुवार

चार नंबरला लागण. शंभर टक्के हात धुवूनही. म्हणजे मी दिसतोय. मी दिसतो म्हणून धुतात.

उपाय सुचला आणि स्वतःचंच कौतुक वाटलं. नाताळचे बारा दिवस उद्यापर्यंत आहेत. या दिवसांत आमच्याकडं माणसं वेष बदलून घरोघर जातात. घरच्यांनी कोण ते ओळखायचं, ओळखलं की तोंड उघडं करायचं आणि केक खायचा. दवाखान्यातही येतात. म्हणजे वेष बदललेल्या माणसावर आज कुणीच संशय घेणार नाही.

सासूबाईंचा घरगुती झगा. पाठीला उशी बांधून कुबड. तोंडावर उशीचा अभ्रा, डोळ्यांना दोन भोकं. हातात लोकरीचे मोजे. क्लिकर झग्याच्या आत. रिवाजाप्रमाणं श्वास आत ओढत बोललो, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. चालही बदलली.

वॉर्डात आनंदीआनंद. मी खाटेखाटेशी थांबून रिवाजाप्रमाणं प्रत्येकाशी हात मिळवला आणि डोळा बेसिनवर ठेवला. हात धुवायचा प्रश्न नव्हता, मोजे होते.

एम्ब्रोजकाकांनी मला दारातच ओळखलं. म्हणाले, पायाच्या बाहेरच्या कडेवर चालतोस, तुझा बापही असाच चालायचा. ब्राइडनं कुबडावरून ओळखलं. म्हणे उशीवर दवाखान्याचा शिक्का आहे. आईनं तर डोळेही उघडले नाहीत.

"झग्यात टिकटिक वाजतंय," ती म्हणाली. "अभ्रा काढ पोरा, गुदमरशील."

केक: दोन तुकडे. रिवाज मोडता येत नाही.

११ जानेवारी, बुधवार

दोन नंबर आणि सात नंबर. एम्ब्रोजकाका आणि सातची बिचारी मिस हिस्कॉक, जिला गेल्या आठवड्यात मी स्वतः फळांच्या केकचा घास भरवला होता. कुणीतरी अक्षम्य हलगर्जीपणा करतंय.

हात सगळे धुतात, मग वस्तू असणार. संशयित पहिला: डॉ. नॉफ्टॉल यांचा टाय. वाकले की पेशंटच्या अंगावर लोळतो. टाय घालू नका असं त्यांना सुचवलं. ते म्हणाले, टाय काढला तर पेशंट मला नर्स समजतील. मी हसलो. घरी येऊन विचार केल्यावर हसू गेलं.

संशयित दुसरा: अकॉर्डियन. काका वाजवतात, मग शेजारचा मागून घेतो, मग त्याच्या शेजारचा. दहा खाटांवर एक वाद्य फिरतं. हातावरून पसरणाऱ्या रोगात. मी ते जप्त केलं. प्लास्टिकच्या पिशवीत सील करून माझ्या ऑफिसात ठेवलं. काका आजारी, भिंतीकडं तोंड करून पडलेले. ते शिव्या देतील अशी मी तयारी ठेवली होती, ती वाया गेली.

वॉर्ड शांत झालाय. संध्याकाळी चक्कर मारली तर माझ्याच क्लिकरचा आवाज मोठा वाटला.

१९ जानेवारी, गुरुवार

आज बैठक. स्क्रीनवर टिलीबाई, खोलीत आम्ही. मी माशाच्या काट्याचं चित्र केलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात हे शिकवतात: माशाचं डोकं म्हणजे अडचण, कण्याला जोडलेला एकेक काटा म्हणजे एकेक कारण. जगभर चालतं.

इथं नाही चाललं. ब्राइड म्हणाली, हा कुठला मासा? मी म्हटलं, कुठला म्हणजे, मासा. ती म्हणाली, कॉड असेल तर काटे मागं झुकायला हवेत, तू पुढं काढलेत, हा शेपटीच्या दिशेनं पोहतोय. स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलेल्या मॉडबाईंनी कॅप्लिन आहे असं मत दिलं. डॉ. नॉफ्टॉल म्हणाले, इतके कमी काटे म्हणजे फ्लाउंडर असेल, चपटा. मग वीस वर्षांपूर्वी कुणी केवढा कॉड पकडला यावर बोलणं गेलं. टिलीबाई तिकडून हॅलो हॅलो करत राहिल्या. प्रत्येक काट्यावर मी संशयित लिहिले होते, टाय, अकॉर्डियन, चहाची गाडी. ते कुणी वाचलेच नाहीत.

शेवटी ब्राइडनं एकच कामाचं विचारलं. "यात तू कुठल्या काट्यावर आहेस?"

मी म्हटलं, मी चित्र काढतोय, मी त्यात कसा असेन?

ती जरा वेळ माझ्या गळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, बरं बाबा. माझ्या पदाचा हेवा असतो माणसाला.

टिलीबाईंनी जाता जाता सांगितलं की शहरात खाटा राखून ठेवायला घेतल्यात. नुसतं राखून, म्हणाल्या.

संकल्प: फेऱ्या दुप्पट. माशाची चित्रं बंद.

६ फेब्रुवारी, सोमवार

लिहायला खंड पडला, कारण निसर्ग. गेल्या आठवड्यात मेहुणीच्या वाढदिवसाला किनाऱ्यावरच्या पुढच्या गावी गेलो आणि वादळ आलं. रस्ता बंद. बर्फ दाराच्या वर. मेहुणीकडं मूस हरणाचं मांस, बटाटे आणि तिचा नवरा, तिन्ही न संपणारे. जिवाची नुसती घालमेल. माझ्यावाचून वॉर्ड कसा चालला असेल?

आज परतलो. इतक्या दिवसांत नवी लागण: एकही नाही.

इथं थांबून नोंद करतो. प्रमुख जागेवर नसतानाही त्याची व्यवस्था चालू राहते, तेव्हाच नेतृत्व खरं. ब्राइडला हे म्हणून दाखवलं. ती म्हणाली, अजून काही दिवस सुट्टी घेऊन बघतोस का? माझ्या तब्येतीची काळजी करणारी माणसं आहेत, बरं वाटलं. पण ही वेळ विश्रांतीची नाही. उद्यापासून दिवसातून तीन फेऱ्या.

१३ फेब्रुवारी, सोमवार

नऊ नंबर.

मी नसताना जपून वागले आणि मी आल्यावर सैल पडले. माणसाचा स्वभाव.

आज एक फेरी जास्त. प्रत्येक खाटेच्या कठड्यावर हात टेकून, डोळ्यांत डोळे घालून, कोणी हात न धुता तुम्हाला शिवलं का, असं विचारलं. पाच नंबरच्या बाई माझ्याकडं बघून हो म्हणाल्या. त्यांना विस्मरण आहे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला लागण झाली.

२० फेब्रुवारी, सोमवार

लिहिणार नव्हतो.

तिच्या अंगात पाणी राहत नाही. सलाइनची नळी लावलीय. एवढीशी झालीय, चादरीखाली कुणी आहे असं वाटत नाही. खिडकीचा पडदा उघडा ठेवायला सांगते आणि मग बाहेर बघायला विसरते. मी विचारलं, आमच्या धुराड्यातून धूर निघतोय का बघ. तिनं डोळे बारीक केले, म्हणाली, व्हर्ना ओली लाकडं घालते.

मग म्हणाली, "लिअँडर, मला त्या शहरात नेऊन मारू नका. मारायचंच तर इथं मारा."

मी म्हटलं, मी दोषी शोधतोय, जवळ आलोय. ती म्हणाली, दोषी राहू दे, तू जरा खुर्चीत बस. मी बसलो. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला. दुसऱ्या हातानं मी क्लिकर धरून होतो, ब्राइड आत येत होती म्हणून. ब्राइडनं साबणानं हात धुतले. टिक.

केक: खाल्ला. किती ते लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

टिलीबाईंचा फोन. शहरातल्या खाटांवर आता नावं पडलीत. आईचं नाव पहिल्या ॲम्ब्युलन्समध्ये. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मी म्हटलं, अजून महिना आहे. त्या म्हणाल्या, मिस्टर पार्डी, वॉर्ड मलाही बंद करायचा नाही, पण रोग कुठून येतोय हे मला कुणी सांगितलं नाही तर मी तो उघडा कशाच्या आधारावर ठेवू? एक कारण द्या. एवढंच मागितलं.

म्हणजे कारण सापडलं तर आई इथं. नाही तर तिथं.

घरी आलो, जेवण गेलं नाही. व्हर्नानं भांडी घासता घासता विचारलं, तू स्वतः हात धुतोस ना? मला हसूच आलं, पण आवाज विचित्र निघाला. तिला पुन्हा समजावलं. मी पेशंटला हात लावत नाही. चादर ही वस्तू आहे. उशी ही वस्तू आहे. आई ही आई आहे, पेशंट नाही. आणि पाहणीच्या वेळी मी कामावर नसतो, निरीक्षणावर असतो.

ती म्हणाली, आणि ते गळ्यातलं? आणलं तेव्हा ग्रेव्ही होती त्यावर. कधी धुतलंस?

पाण्यानं यंत्र बिघडतं, हे बायकांना कळत नाही.

६ मार्च, सोमवार

शेवटचा डाव. अंदाज पुष्कळ झाले, आता पुरावा. वॉर्डातल्या प्रत्येक संशयित वस्तूचा नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत. लहान वस्तू तर पुसून नमुना घ्यायलाही नको, अख्ख्याच्या अख्ख्या पिशवीत घालून पाठवा, असं तिथल्या बाई म्हणाल्या. चहाच्या गाडीचं हँडल, टीव्हीचा रिमोट, अकॉर्डियनची बटणं. डॉ. नॉफ्टॉल यांनी टाय आपणहून काढून पिशवीत टाकला. मी कृतज्ञता व्यक्त करणार तेवढ्यात म्हणाले, लिअँडर, तुझी आई वाचणार असेल तर पँटही देतो. त्या माणसाच्या गळ्याशी मी आठ आठवडे भांडतोय.

प्रयोगशाळेच्या बाईंनी आणखी एक मागितलं. तुलनेसाठी एक वस्तू हवी, जी नक्की स्वच्छ आहे अशी. मी क्षणभरही विचार केला नाही. गळ्यातलं काढून दिलं. पेशंटला कधीच न लागलेली वॉर्डातली एकमेव वस्तू. पिशवीवर माझ्या हातानं लिहिलं: स्वच्छ.

आता क्लिकरशिवाय पाहणी करता येत नाही. ऑफिसात बसून आहे. फेऱ्या बंद.

१५ मार्च, बुधवार

नवी लागण नाही. पिशव्या गेल्यापासून एकही नाही.

कारण उघड आहे. नमुने गेले म्हटल्यावर हलगर्जी माणूस घाबरला. भीतीचा असा विधायक उपयोग कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आईची नळी काढली. आज तिनं डब्यातलं दूध घातलेला चहा मागितला, टोस्टवर रानबेरीचा जॅम मागितला, आणि जॅम व्हर्नाचा नसून दुकानातला आहे हे ओळखून परत पाठवला. बरी होतेय. पण ॲम्ब्युलन्सची तारीख तशीच आहे, सत्तावीस. बऱ्या झालेल्या माणसालाही नेतात. वॉर्डच राहणार नाही तर बरं होऊन झोपणार कुठं?

टिलीबाई बावीस तारखेला स्वतः येताहेत. निकाल एकवीसला. भाषण लिहायला घेतलं. सुरुवात जमली: "मित्रहो, संशयाची सुई." पुढचं टाय की अकॉर्डियन यावर अवलंबून.

२१ मार्च, मंगळवार. सकाळी

निकाल आज. शर्ट इस्त्रीचा. केक आणलाय, सगळ्यांसाठी.

२१ मार्च. दुपारी

टाय: काही नाही. रिमोट: काही नाही. चहाची गाडी: काही नाही. अकॉर्डियन: जुनी तंबाखू, बाकी काही नाही.

प्रयोगशाळेच्या बाई फोनवर फार उत्साहात होत्या. म्हणाल्या, तुलनेसाठी इतका भरगच्च नमुना आम्हाला आजवर कुणी पाठवला नव्हता, त्यावरचा जंतू तुमच्या वॉर्डातल्या पेशंटच्या जंतूशी तंतोतंत जुळतो. पण मिस्टर पार्डी, पिशवीवर चुकून स्वच्छ लिहिलंय, ते आम्ही खोडू का?

मी म्हटलं, लेबलं बदलली असतील.

त्या म्हणाल्या, ज्यावर चर्चच्या हॉलचं नाव कोरलंय तेच ना? मी म्हटलं, तेच.

२१ मार्च. चहाच्या वेळी

लेबलं बदलली असतील.

टाय कुणी क्लिकरला लावला असेल.

मी फक्त बघत होतो.

पाच नंबरच्या बाईंना विस्मरण नाही.

एम्ब्रोजकाकांचं अकॉर्डियन दोन महिने माझ्या कपाटात आहे.

२२ मार्च, बुधवार

झालं ते क्रमानं लिहितो.

टिलीबाई आल्या. बुटक्या आहेत, स्क्रीनवर कळत नाही. त्यांना सगळ्यांशी बोलायचं होतं म्हणून बैठक वॉर्डातच. ब्राइड, डॉ. नॉफ्टॉल बिनटायचे, दहा खाटा. आई चाकाच्या खुर्चीत.

टिलीबाईंनी विचारलं, कारण सापडलं का?

मी उभा राहिलो. रात्रभर तयार केलेलं वाक्य होतं: अभ्यासातून एका मोजमाप-साधनाविषयी काही अनपेक्षित निरीक्षणं पुढं आली आहेत. हे मी म्हणालो. टिलीबाई म्हणाल्या, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे साधनाची हाताळणी बहुस्तरीय होती. त्या म्हणाल्या, मिस्टर पार्डी, म्हणजे सापडलं नाही? त्यांनी फाइल मिटायला घेतली. दहा खाटा माझ्याकडं बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं. कधीपासून ते मला विचारायचं नाही.

आईच बोलली.

"बाई, गळ्यातल्या त्या टिकटिकीवर होतं ते. माझ्या पोराच्या. खाटेखाटेला त्यानंच पोचवलं, आणि पिशवीत घालून तुमच्याकडं त्यानंच पाठवलं. आता ते गेलंय. तुम्हाला कारण हवं होतं ना? हे उभं आहे बघा, इस्त्रीच्या शर्टात. मला इथंच राहू द्या."

टिलीबाईंनी माझ्याकडं बघितलं. विचारलं, खरं?

मी मान हलवली. मान हलवायला गळ्यात काही नव्हतं, तरी जड गेली.

त्यांनी ब्राइडला विचारलं की ते यंत्र गेल्यापासून नवीन किती? ब्राइड म्हणाली, एकही नाही, आणि तो वादळात अडकला होता तेव्हाही एकही नाही. टिलीबाईंनी फाइल परत उघडली. मग म्हणाल्या, सत्तावीसच्या गाड्या रद्द करते. एप्रिल स्वच्छ गेला तर वॉर्ड राहील.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस हिस्कॉक तेवढ्या रडल्या, आणि एम्ब्रोजकाका म्हणाले, आता माझं वाद्य आण, गाढवा.

आणून दिलं. आधी हात धुतले.

२७ मार्च, सोमवार

ॲम्ब्युलन्स आली नाही. आई दिवसभर खिडकीतून रस्ता बघत होती, न येणारी गाडी बघायची म्हणून.

प्रकल्पाची प्रमुख आता ब्राइड. मला सल्लागार केलंय. सल्लागार हे पद एका परीनं वरचंच: प्रमुखाला काम असतं, सल्लागाराला अनुभव. टिलीबाई म्हणाल्या की माझा अनुभव त्या प्रदेशातल्या सगळ्या दवाखान्यांत सांगणार आहेत. नाव घालू का असं विचारलं. मी म्हटलं, नम्रता म्हणून नको.

व्हर्नानं चर्चच्या हॉलला नवीन यंत्र घेऊन दिलं. जुनं परत नको असं त्यांनी कळवलंय.

३१ मार्च, शुक्रवार

मार्चअखेर. नवी लागण नाही. वॉर्ड उघडा.

संध्याकाळी आईला भेटायला गेलो. सल्लागार म्हणून नाही, मुलगा म्हणून. एम्ब्रोजकाका वाजवत होते, वाईट वाजवत होते. बेसिनपाशी ब्राइड खुर्ची टाकून बसलेली, उघड्यावर, गळ्यात नवं क्लिकर. तिची पद्धत गुप्त नाही. ज्याचे हात बघायचेत त्याला सांगूनच बघते. यात शास्त्र काही नाही, पण मी सल्ला दिला नाही.

बाह्या वर केल्या. साबण घेतला. पाणी गरम. तळवे, मग पाठी, मग बोटांच्या मधली जागा. नखं. मनगटं. चांगला वेळ घेतला. माझ्या वॉर्डात मी पहिल्यांदाच इतका वेळ बेसिनपाशी उभा होतो, हे तेव्हाच ध्यानात आलं, आणि ते इथं लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

हात पुसून वळलो. टिक वाजली नाही. ब्राइडचा अंगठा क्लिकरवर तसाच. काकांनी वाजवणं थांबवलं होतं. दहाही खाटा बघत होत्या.

सहा नंबरवरून आई म्हणाली, "अंगठे राहिले."

परत धुतले.